शब्द बरोबर, चाल वेगळी

नमस्कार श्रोतेहो.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर कर्मचाऱ्यांसाठी एक कॅन्टीन होतं. १९७०च्या दशकात तिथे काही भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढायच्या कामावर नव्याने लागल्या, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्याबद्दल कुरकुर सुरू झाली. काय, तर या बायका तुसड्या आहेत. आता वाढताना बोलायचं ते किती? ताटात मांस घेतलं, की त्यावर ग्रेव्ही हवी का एवढं विचारायचं. इंग्रज बाई 'ग्रेव्ही?' म्हणताना शेवटी आवाज वर नेते. या बायका 'ग्रेव्ही.' म्हणताना आवाज खाली आणायच्या. एकच शब्द, तोही नीट कळणारा. पण समोरच्याला ऐकू यायचं, 'ही ग्रेव्ही. घ्यायची तर घ्या.'

जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाने याचा छडा लावला. कॅन्टीनमधलं बोलणं टेप करून त्या बायकांना ऐकवलं. आधी त्या म्हणाल्या, फरक काय आहे यात, आम्हीही तेच म्हणतोय. मग फरक दाखवल्यावर लोक आपल्याशी असे का वागतात हे त्यांना उमगलं. साहेबलोकांनाही कळलं, की हा उर्मटपणा नाही, ही यांची विचारायची रीत आहे.

हे गम्पर्झ आपल्याला तसे परके नाहीत. जन्म जर्मनीतला, नाझींच्या काळात देश सोडून अमेरिकेत गेलेले, आणि अभ्यासासाठी आपल्या सांगलीजवळच्या कुपवाडातही आलेले. आज कुपवाड महानगरपालिकेत आहे, तेव्हा ते गाव होतं. मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या आणि त्यांची वाक्यं एकाच साच्यातली होऊन गेली, असं त्यांनी रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर १९७१ साली लिहिलं. घरात मात्र ज्याने त्याने आपापली भाषा धरून ठेवली होती. मला हा तपशील फार आवडतो. बाजारात तडजोड, घरात नाही.

आता आपल्या पंगतीतला वाढपी आठवा. हातात मठ्ठ्याचं भांडं, तोंडाने 'मठ्ठा, मठ्ठा'. त्यात प्रश्नाचा सूर नावालाही नसतो. कुणाला राग येतो का? नाही. कारण मराठीत प्रश्न विचारायला 'का' आहे, आर्जवाला 'ना' आहे. 'ये', 'ये ना', 'ये की', 'ये हं', 'ये गं बाई': बोलावणं एकच, पण माया, आग्रह, लाड, वैताग सगळं त्या शेवटच्या अक्षरांतून कळतं. इंग्रजीत ही अक्षरं नाहीत. तिथे बरंचसं काम आवाजाचा चढउतार करतो. आपण शब्द इंग्रजी घेतो, चाल मराठीच राहते, आणि 'ना' आणि 'हं' मागे घरीच राहतात. मग प्रेमाने केलेली विनंती हुकमासारखी वाटते.

मी बरीच वर्षं इंग्लंडात राहते आहे. इथे नवीन आलेली आपली मुलं 'व्ही' आणि 'डब्ल्यू'च्या मागे लागतात, ओठांचा चंबू करून आरशासमोर सराव करतात. करू देत. पण 'वाइन'चा 'व' चुकला म्हणून कुणी दुखावलं जात नाही.

विश्वासाचं मात्र अवघड आहे. शिकागोच्या शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ केसार यांनी २०१० साली एक प्रयोग मांडला. साधी माहितीची वाक्यं, म्हणजे जिराफ उंटापेक्षा जास्त काळ पाण्याविना राहू शकतो अशासारखी, वेगवेगळ्या उच्चारांत ऐकवली. बोलणारा फक्त दुसऱ्याचं वाक्य वाचून दाखवतोय, हे ऐकणाऱ्यांना सांगितलेलं होतं. तरीही परक्या उच्चारातली वाक्यं त्यांना कमी खरी वाटली. समजायला जे जरा जड जातं ते मन जरा खोटं धरतं. यात द्वेष असेलच असं नाही, पण सोसावं लागतं ते बोलणाऱ्याला.

मग माणूस काय करतो? एक तर गप्प बसतो, नाहीतर तयार वाक्यं पाठ करतो. आपल्याकडच्या कॉल सेंटरांत हेच शिकवलं गेलं. आधी 'एमटीआय' काढा, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव पुसा, आणि मग 'एम्पथी स्टेटमेंट' म्हणा: आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन. उच्चार गुळगुळीत, वाक्य निर्दोष, आणि पलीकडचा ग्राहक आणखी भडकलेला. त्यापेक्षा सांगलीच्या सुरातलं 'अरेरे, फारच झालं हो' कितीतरी खरं.

माझ्या ओळखीची एक मराठी डॉक्टर आहे इथे. वाईट बातमी सांगायची वेळ आली, की ती सुरावर विसंबत नाही. पेशंटला सरळ म्हणते, 'माझा आवाज कोरडा वाटत असेल, पण हे सांगताना मला त्रास होतोय.' इंग्रजांना असं उघड बोलणं चमत्कारिक वाटेल असं मला वाटायचं. ती म्हणते, आजवर कुणाला वाटलं नाही. आपल्यालाच ते जड जातं. घरात 'मला वाईट वाटलं' असं तोंडाने म्हणायची सवय कुठे असते? आपण ताटावरून उठतो.

दुसऱ्या भाषेत एक सोयही आहे, ती नाकारू नये. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तुर्की लोकांना लहानपणी खाल्लेली बोलणी तुर्कीत आणि इंग्रजीत ऐकवली आणि त्वचेवरचा घाम मोजला. मायबोलीतली बोलणी जास्त लागली. नवऱ्याला 'सॉरी' आणि 'आय लव्ह यू' इंग्रजीत म्हणणं सोपं का जातं, ते यावरून कळावं. सोपं जातं म्हणून ते खोटं, असं मी म्हणणार नाही. पण भांडण मोठं असेल तर सॉरीवर भागत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि आपल्या कानांचं काय? पुण्यामुंबईत कुणी तमिळ किंवा भोजपुरी वळणाचं मराठी बोलायला लागलं, की आपण हसतो किंवा झटकन हिंदीवर येतो. हेतू वाईट नसतो, मदतच करायची असते. पण 'मला इथे एकटं वाटतं' हे वाक्य त्याने मराठीत जुळवत आणलेलं असतं, आणि आपण मध्येच विचारतो, 'कहाँ से हो?' पुढच्या खेपेला तो हिंदीतच सुरुवात करतो, आणि ते वाक्य काही निघत नाही.

वेळ संपत आली. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.