पीतांबर : नाव पिवळ्याचे, वस्त्र रेशमाचे

(दृश्य : पेण. शाडूच्या मूर्तींची रांग. कुंचला पिवळ्या रंगात बुडतो.)

निवेदन : रायगड जिल्ह्यातल्या पेणच्या या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी अजून व्हायची आहे, आज कारागिरांच्या हाती पीतांबराचे काम आहे. कमरेपासून घोट्यापर्यंत आधी पिवळा हात फिरतो, मग त्यावर काठ ओढला जातो आणि मांडीवरच्या चुण्यांत थोडी गडद छटा भरली जाते. शेजारच्या मूर्तीचे हेच वस्त्र जांभळे आहे, पण त्यालाही येथे पितांबरच म्हणतात.

शब्दाच्या मुळाशी गेले तर हे विसंगत वाटेल. संस्कृतात पीत म्हणजे पिवळे आणि अंबर म्हणजे वस्त्र. दिगंबर आणि श्वेतांबर ही त्याच अंबराची भावंडे. समास शिकताना हा शब्द दोनदा भेटतो. पिवळे असे वस्त्र म्हटले की तो कर्मधारय होतो, आणि पिवळे वस्त्र ज्याचे आहे तो, म्हणजे विष्णू, असा विग्रह केला की बहुव्रीही.

(दृश्य : माजघर. टाळ, निरांजन, आरती.)

भाद्रपदात कोकणातल्या घराघरांतून ऐकू येणाऱ्या गणपतीच्या आरतीत ‘लंबोदर पीतांबर’ हे शब्द येतात, तेव्हा पीतांबर हे कापडाचे नाव नसते, तर लंबोदरासारखेच देवाचे विशेषण असते. बोलत्या मराठीने मात्र वस्त्राचा अर्थ उचलला, पहिला ‘पी’ ऱ्हस्व केला, हळूहळू रंगाची अटही सोडली आणि रेशीम तेवढे धरून ठेवले. म्हणूनच ‘लाल पितांबर’ म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही.

(दृश्य : हळदीच्या पाण्यात भिजणारे कापड, वाळताना उजळणारा रंग.)

पिवळा रंग हाताशी होता तो हळदीमुळे. हळद कापडावर सहज चढते, तिला तुरटीसारख्या पदार्थाचा आधार लागत नाही. पण ती उन्हात उडते आणि साबण लागला की लालसर होते. आजही नव्या वस्त्राच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचे बोट लावण्याची रीत आहे, त्यामुळे जांभळ्या पितांबरालाही थोडा पिवळा रंग मिळतोच.

(दृश्य : गुहागर. बाहेर पाऊस, आत उंच दांडीवर घडी घातलेली वस्त्रे, ती काढणारी काठी.)

पूजेला सुती वस्त्र नेसायचे तर ते धुऊन, कोणाचा स्पर्श न होता वाळलेले लागे. रेशमाला ही अट तितकी कडक नव्हती. गणपतीच्या दिवसांत कोकणात काय वाळते, हे येथल्या माणसाला सांगायला नको. सोवळ्याच्या याच दांडीने घरातल्या आणि गावातल्या अनेकांना देवघरापासून दूरही ठेवले.

(दृश्य : यजमान पितांबर नेसताना, हातांचे जवळून चित्रण.)

पितांबर नेसतात, घालत नाहीत, याचे कारण या हातांकडे पाहिले की कळते. वस्त्राचा मध्य पाठीमागे कमरेवर धरून दोन्ही टोके पुढे घेतली जातात आणि पोटावर घट्ट गाठ बसते. एका टोकाच्या निऱ्या करून त्या पायांमधून मागे नेऊन खोचल्या की कासोटा झाला, आणि दुसऱ्या टोकाच्या निऱ्या समोर, बेंबीखाली, काठ सरळ उतरेल अशा बेताने बसवल्या जातात. रेशीम निसरडे असल्यामुळे पहिली गाठ सैल राहिली, तर आरतीपर्यंत सगळे सुटते. येथे गुरुजी स्वतः ती ओढून पाहत आहेत.

(दृश्य : चिपळूणची बाजारपेठ. टांगलेले तयार पितांबर.)

आता शिवलेले, नाडीचे पितांबर मिळतात. कापड बहुधा कृत्रिम रेशमाचे असते आणि निऱ्या दुकानातच बसवून येतात. मुंबईहून चतुर्थीच्या आदल्या रात्री पोहोचणाऱ्याची त्याने सोय होते, हे खरे आहे. मात्र नेसायला शिकवणारे आजोबा त्याच घरात असताना नाडी का ओढायची, हे आम्हाला समजलेले नाही.