बेलापाइस: डोंगरउतारावरचा पांढरा मठ

(ड्रोन – समुद्रावरून डोंगराकडे)
खाली भूमध्य समुद्र, वर किरेनियाच्या डोंगररांगेचे कडे, आणि मधल्या उतारावर हे बेलापाइस. उत्तर सायप्रसमधलं गाव. किरेनिया बंदरावरून गाडी वळणं घेत चढते आणि घरांच्या मधूनच या मठाच्या कमानी डोकावतात.

११८७ मध्ये मुस्लिम सुलतान सलाउद्दीननं जेरुसलेम घेतलं. तिथून निघालेल्या ख्रिस्ती मठवासीयांना सायप्रसच्या लुझिन्याँ या मूळच्या फ्रेंच घराण्यातल्या राजांनी इथं आसरा दिला. पुढे मठ प्रेमोंत्रे या कॅथलिक साधूंच्या पंथाकडे गेला. त्या साधूंचे झगे पांढरे, म्हणून हा पांढरा मठ.

(ओवऱ्या, चौकातली सुरूची झाडं)
या ओवऱ्या चौदाव्या शतकातल्या. पश्चिमेची बाजू ढासळलीय. तिकडचे घडीव चिरे लोकांनी बांधकामाला नेले.

(भोजनगृहाचं दार)
दाराशी ही संगमरवरी पेटी बघा. रोमन काळातली शवपेटी! साधू तिच्यात पाणी भरून जेवणाआधी हात धुवायचे. दारावर तीन राजचिन्हं: जेरुसलेम, सायप्रस आणि लुझिन्याँ घराणं.

(भोजनगृह, कॅमेरा छतावरून भिंतीवर)
आणि ही खरी कारागिरी. ३० मीटर लांब, १० मीटर रुंद, मधे एकही खांब नाही. छताचा सगळा भार बरगड्यांसारख्या दगडी कमानींवरून भिंतींत उतरतो. समुद्राकडे सहा खिडक्या. शेजारी भिंतीतच बसवलेला हा सज्जा. त्याचा जिनाही भिंतीच्या जाडीतून वर जातो. एक जण इथून धर्मग्रंथ वाचायचा, बाकीचे मुकाट्यानं जेवायचे. सातशे वर्षांनंतरही छत जागच्या जागी आहे. गवंड्यांची नावं मात्र कुठंच नाहीत.

(पूर्व भिंत, जवळून)
या खळग्या गोळ्यांच्या आहेत. १८७८ मध्ये ब्रिटिश आले. त्यांच्या सैनिकांनी इथं नेमबाजीचा सराव केला. फरशीवर सिमेंट ओतून इस्पितळही थाटलं. डागडुजी १९१२ मध्ये सायप्रसच्या प्राचीन वास्तूंचे अधिकारी जॉर्ज जेफ्री यांनी केली. तेही इंग्रजच, पण दगडाची कदर असलेले.

(चर्च)
१५७१ पर्यंत बेट ऑटोमन तुर्कांच्या हाती गेलं, साधू गेले, चर्च ग्रीक ऑर्थोडॉक्स गावकऱ्यांना मिळालं. १९७४ मध्ये तुर्की सैन्य उतरलं. दोनेक वर्षांत ग्रीक कुटुंबांना गाव सोडावं लागलं आणि दक्षिणेतून आलेले तुर्की सायप्रियट, म्हणजे सायप्रसचेच तुर्की भाषिक रहिवासी, इथं राहू लागले.

(भोजनगृह, मांडलेल्या खुर्च्या)
आता इथं संगीत महोत्सव भरतो. जागा निवडता आली, तर सज्ज्यासमोरची घ्या.