मत दिल्यानंतर मताचे काय होते?

निवडणुकीच्या तोंडावर खानदेशातल्या कोणत्याही गावाच्या पारावर बसले, तर ‘कोनबी निवडी उना तरी आपले काय?’ (कुणीही निवडून आला तरी आपल्याला काय?) हे वाक्य हमखास कानी पडते. अनेक अभ्यासक याला मतदारांची उदासीनता म्हणतात, पण मला हे निदान मान्य नाही. उदासीन माणूस मतदानालाच जात नाही. आपल्याकडे नंदुरबार लोकसभा मतदारसंघात 13 मे 2024 रोजी 70 टक्क्यांहून अधिक मतदान झाले, आणि त्यात मणिबेलीसारखी नर्मदाकाठची गावेही होती, जिथे मतदान पथकाला बोटीने जावे लागते. आपल्या माणसांचा मतदानावरचा विश्वास शाबूत आहे. दिलेल्या मताचे पुढे काय होते, यावरचा विश्वास मात्र उडाला आहे.

तो का उडाला, हे समजायला गेली काही वर्षे आठवावीत. 2019 च्या विधानसभा निवडणुकीत जे पक्ष एकमेकांच्या विरोधात मते मागत होते, तेच निकालानंतर एकत्र सत्तेवर आले. जून 2022 मध्ये शिवसेना आणि जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. यात कोण बरोबर, हा आज माझा विषय नाही. माझा प्रश्न कायद्याचा आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली, आणि एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला त्यात दिलेली सवलत 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने काढून टाकली. तरीही अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडेच राहिला, आणि अध्यक्ष हे स्वतः बहुधा सत्ताधारी पक्षातून आलेले असतात. या दोन्ही फुटींचे निर्णय अखेर 2024 च्या जानेवारी-फेब्रुवारीत लागले, तेव्हा विधानसभेची मुदत संपत आली होती, आणि कोणत्याच गटातला एकही आमदार अपात्र ठरला नाही. ज्याने एका चिन्हावर बटण दाबले, त्या मतदाराला या सगळ्या प्रक्रियेत कुणीही काहीही विचारले नाही. मला हे मनापासून अन्यायाचे वाटते.

गावपातळीवरचे चित्रही फारसे वेगळे नाही. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होता. शाळेच्या गळक्या छताबद्दल जाब विचारायला त्या काळात निवडून आलेला सदस्यच नव्हता. अमळनेरजवळचे तापीवरचे पाडळसे धरण तर इतक्या प्रचारसभांमध्ये ऐकले गेले आहे की त्याचे आश्वासन आता कुणी मनावर घेत नाही.

आणि हेच खानदेश 1936 साली वेगळे होते. यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले. पंडित नेहरू अध्यक्ष होते, साने गुरुजी त्यासाठी गावोगाव फिरले, आणि अधिवेशनाने शेतकऱ्यांचा कार्यक्रम मंजूर केला. त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याची गरज नाही, पण पक्ष गावात येत होता, बसत होता, ऐकत होता. आज उमेदवार मुंबई-दिल्लीत ठरतो, आणि गावातला जुना कार्यकर्ता ‘तिकीट कुणाला?’ हे बातम्यांतून ऐकतो.

‘नोटा’, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ हा पर्याय, 2013 पासून आहे, पण विधानसभेत त्याला सर्वाधिक मते पडली तरी त्याखालोखाल मते मिळालेला उमेदवार निवडून येतोच. म्हणून राग दाखवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. त्याहून उपयोगी असा एक प्रश्न मला सुचतो, आणि तो प्रत्येक गावाने प्रत्येक उमेदवाराला प्रचारसभेतच विचारावा: पक्ष बदलावासा वाटला, तर आधी राजीनामा देऊन आमच्यापुढे पुन्हा उभे राहाल का? उत्तर तोंडी घेऊ नये. ते लिहून, सही करून घ्यावे आणि चावडीवर लावावे. या कागदाला कायद्याचे बळ नाही, हे मला माहीत आहे. पण पाच वर्षांनी तोच माणूस मते मागायला येईल, तेव्हा तो कागद वाचता येईल. आणि जो सही करायला नकार देईल, त्याचे उत्तर तर मतदानाच्या आधीच मिळालेले असेल.