दोन पावलांची जागा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरलं आहे, बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी.

आधी एक विचारते. ज्यांच्या घरातलं एक माणूस कामासाठी महिन्यातले निम्मे दिवस दुसऱ्या शहरात, दुसऱ्या राज्यात नाहीतर दुसऱ्या देशात असतं, त्यांनी जरा हात वर करा.

(बरेच हात वर होतात.)

मला वाटलं होतं त्याहून जास्त आहेत. म्हणजे आज मी सांगणार आहे ते तुमच्याही घरातलं आहे. आमच्याकडे ते कराटेच्या वाटेने आलं, इतकंच.

माझा नवरा २०१८ पासून पश्चिम ऑस्ट्रेलियात, पिलबरामधल्या लोहखनिजाच्या खाणीवर विजेची कामं बघतो. दोन आठवडे खाणीवर, एक आठवडा घरी. मेलबर्नहून पर्थला चार तासांचं विमान, तिथून उत्तरेला आणखी एक. बारा तासांची पाळी असते. राहायला कॅम्पवर एक खोली मिळते, तिला तिकडे ‘डोंगा’ म्हणतात. एक पलंग, एक टेबल, छोटा फ्रिज, आणि या सगळ्यातून उरलेली दोन पावलांची जागा. ती दोन पावलं लक्षात असू द्या.

मी इथे मेलबर्नला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. थोरली मुलगी २०२० साली बारा वर्षांची होती, धाकटा आठ. दोघं कौन्सिलच्या हॉलमध्ये शोतोकान कराटे शिकायची आणि मी बाकावर बसून त्यांची वाट बघायची. तीन वर्षं बसले. २०१९च्या हिवाळ्यात सेन्सेई, म्हणजे कराटेचे गुरुजी, म्हणाले, नुसतं बसून थंडी वाजत असेल, उभ्या राहा की. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी पांढरा पट्टा बांधला आणि माझ्याच मुलीच्या मागच्या रांगेत उभी राहिले. तिथे ती मला शिकवायची. त्या एका तासापुरती ती मोठी असायची, आणि ते तिला फार आवडायचं. तेव्हा त्याचं महत्त्व मला कळलं नव्हतं.

मग २०२० आलं. ५ एप्रिलच्या मध्यरात्री पश्चिम ऑस्ट्रेलियाने आपली सीमा बंद केली. देशांनी सीमा बंद केल्या हे समजत होतं, पण एकाच देशातल्या एका राज्याने दुसऱ्या राज्यातल्या माणसांना दार लावावं, हे आम्हाला कुणालाच आधी सुचलं नव्हतं. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या कामगारांपुढे दोनच वाटा होत्या. एकतर तिकडेच राहा, नाहीतर काम सोडा. घराचं कर्ज होतं, माझी एकटीची मिळकत पुरणारी नव्हती. तो तिकडे राहिला. आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं होतं, पण पुढे मी त्याच्यावर असं चिडायचे की जणू त्याने एकट्यानेच ठरवलं.

मेलबर्नचं वेगळं सांगायला नको, तुम्ही सगळे इथेच होतात. २ ऑगस्टपासून रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी, घरापासून पाच किलोमीटरची मर्यादा, व्यायामाला दिवसाकाठी एक तास. मी गाडीत परवान्याचा कागद ठेवून प्रयोगशाळेत जायची. नमुन्यांचे ट्रे संपायचे नाहीत, दुसरी पाळी पहिलीत मिसळायची. धाकट्याला शाळेने ठेवून घेतलं, कारण घरी बघणारं कुणी नव्हतं. थोरली दिवसभर घरात एकटी लॅपटॉपपुढे.

आणि रोज संध्याकाळी तिच्या बाबाचा फोन. “काय चाललंय?” “काही नाही.” “शाळा?” “ठीक.” “जेवलीस का?” “हो.” पहिला महिना असा गेला, दुसरा गेला. ऑगस्टमध्ये तिने फोन घेणंच बंद केलं. मला म्हणाली, “बाबाला सांग, मी बिझी आहे.” ती बिझी नव्हती. भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडलेली असायची. त्या दिवशी मी फोन बाहेर नेला आणि नवऱ्याला नाही नाही ते बोलले. तो गप्प बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मी तिला विचारतो, त्याला उत्तर नसतंच गं. तिचा दिवस रिकामा आहे, माझापण. रिकाम्या दिवसाचं कुणी काय सांगणार?”

मला वाटतं आमचं घर त्या वाक्याने वाचवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला फोन केला नाही, निरोप पाठवला: मला पहिला काता शिकवशील का?

कराटे न केलेल्यांसाठी थोडं सांगते. समोर जोडीदार घेऊन लढतात ते कुमिते. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, तो एकट्याने करायचा. समोर कुणी नसतं, पण आहे असं धरून रोखायचं, मारायचं, वळायचं. शोतोकानमधला सुरुवातीचा काता म्हणजे हेइआन शोदान, त्यात एकवीस हालचाली आहेत. हे काता मुळात ओकिनावात इतोसू आन्को यांनी शाळेतल्या मुलांसाठी बांधले, तेव्हा त्यांना ‘पिनान’ म्हणत. पुढे फुनाकोशी गिचिन यांनी त्यांना ‘हेइआन’ हे नाव दिलं. टाळेबंदीत कुमिते पूर्ण बंद होतं, जोडीदार आणणार कुठून? काता मात्र कुठेही करता येत होता. आम्ही गाडी रस्त्यावर लावायचो आणि गॅरेजच्या थंड फरशीवर उभं राहायचो.

थोरलीने दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, “बाबाची शिफ्ट किती वाजता संपते?”

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. ती कॅमेऱ्याकडे तोंड करून डावीकडे वळायची, हा उजवीकडे. शेवटी ती पाठ फिरवून उभी राहिली, म्हणजे तिचं डावं ते त्याचं डावं. दोन महिने माझी मुलगी बापाकडे पाठ करून पडली होती. आता पाठ केली ती त्याला शिकवायला. स्वयंपाकघराच्या दारातून मी बघत होते. आत जावंसं वाटलं, पण गेले नाही.

त्याच्या खोलीत जागा नव्हती. त्या कात्यात सुरुवातीची वळणं झाली की सरळ पुढे तीन पावलं जायचं असतं, प्रत्येक पावलाला हात डोक्यावर नेऊन वार अडवायचा, आणि तिसऱ्या पावलाला कियाई, म्हणजे पोटातून आरोळी. त्याच्याकडे दोनच पावलं. तिसऱ्याला गुडघा पलंगावर आपटायचा. मग थोरलीने वाट काढली: दोन पावलं पुढे जा, तसंच्या तसं मागे सरक, मग तिसरं पाऊल टाक. आरोळीचंही तसंच. डोंग्याच्या भिंती पातळ, शेजारी रात्रपाळीला जाणारा माणूस झोपलेला. म्हणून आवाज न काढता नुसता श्वास सोडायचा. आणि फोनवर आकडे एकत्र पोचत नाहीत. तिची ‘इच’, म्हणजे जपानीतलं ‘एक’, त्याला उशिरा ऐकू येते, त्याची तिला आणखी उशिरा. तेव्हा ठरलं की मोजायचं एकानेच, बाकीच्यांनी आवाज बंद ठेवायचा. आमचा संवाद आमचा आवाज बंद करून सुरू झाला, हे सांगितल्यावर माझ्या मैत्रिणींना विचित्र वाटतं.

महिनाभरात ती त्याला ओरडायला लागली. गुडघा वाकव, कंबर खाली, खांदे का वर? आणि ओरडता ओरडता शाळेचं सांगायला लागली. कुणी विचारलं नव्हतं.

यात तिसरं ठिकाण आलं ते सांगलीचं. माझे वडील, अण्णा, तरुणपणी तालमीत जायचे. कुस्तीत त्यांनी नाव काढलं नाही, पण पहाटेच्या जोर-बैठका साठी उलटली तरी सुटल्या नव्हत्या. एका रविवारी त्यांना फोन जोडला. नवरा नुकताच पाळीवरून आलेला, बूट, पॅन्ट, मनगटं पिलबराच्या लाल धुळीने माखलेली. अण्णा बघतच राहिले. म्हणाले, “जावईबापू, हौद्यातून आलात की काय?” तालमीतली माती तशीच लाल असते. ती खणून, चाळून, तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू घालून मऊ करतात. अण्णांनी धाकट्याला ते सगळं समजावलं, आणि सेन्सेई म्हणजे आपला वस्तादच की, असं ठरवून टाकलं. तिकडेही तालमी बंद होत्या, जत्रांची मैदानं होत नव्हती. महाराष्ट्र केसरी जानेवारी २०२० मध्ये पुण्यात झाली, ती त्यानंतर थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात. अण्णांना त्याची रुखरुख होती, आणि आमच्या गॅरेजमधल्या पांढऱ्या कपड्यांतल्या नातवंडांवर ती थोडी शमायची.

वेळ ठरली ती अशी: पर्थच्या घड्याळात साडेसहा, सांगलीत दुपारचे चार, मेलबर्नला हिवाळ्यात साडेआठ. उन्हाळ्यात आपली घड्याळं पुढे सरकतात, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि भारत सरकत नाहीत, म्हणून आम्ही साडेनऊला. तो रात्रपाळीला असेल त्या आठवड्यात त्याच्याशिवाय भागवायचं.

त्या डिसेंबरात सीमा उघडली, तो घरी आला, आणि नवं वर्ष उजाडत होतं तेव्हा आपल्या व्हिक्टोरिया राज्यासाठी ती पुन्हा मिटली. अशी उघडझाप पुढेही चालली. त्यावर फार बोलत नाही.

एप्रिल २०२१ बद्दल बोलते. अण्णांना आणि आईला एकाच आठवड्यात करोना झाला. आई लवकर सावरली. अण्णांचा ऑक्सिजन एक्क्याण्णववर आला. सांगलीत खाट मिळेना, डॉक्टरांनी घरीच पालथं झोपवून ठेवायला सांगितलं. ऑस्ट्रेलियाने २७ एप्रिलपासून भारतातून येणारी विमानं थांबवली, ३ मेपासून तर भारतातून परतणाऱ्या आपल्याच नागरिकांना दंड आणि तुरुंगाची तरतूद केली. देशाबाहेर जायलाही आधी परवानगी लागत होती, आणि गेले असते तर मुलांकडे परत कधी येणार? मी दिवसभर प्रयोगशाळेत इतरांचे अहवाल काढत होते आणि माझ्या वडिलांचा आकडा फोनवर वाचत होते. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

पालथं पडून अण्णा कंटाळायचे, उठून बसायचे. आई रागवायची, ऐकायचे नाहीत. मग थोरलीने फोन त्यांच्या उशीशी ठेवायला लावला आणि म्हणाली, “आजोबा, मी मोजते, तुम्ही श्वास घ्या. माझं मोजून झाल्याशिवाय उठायचं नाही.” इच, नि, सान, शि. वस्तादांचा शब्द मोडायचा नसतो. ते पडून राहिले. त्याने ते बरे झाले असं मी म्हणणार नाही, मी प्रयोगशाळेत काम करते. पण ते पडून राहिले, एवढं खरं. आजार गेल्यावर पायांतली ताकद गेली होती. तेव्हा खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, याच बैठका झाल्या. पहिल्या दिवशी चार. मोजणी अर्धी जपानीत, अर्धी मराठीत, कारण अण्णांना ‘शिचि’ आणि ‘हाचि’, म्हणजे सात आणि आठ, नेहमी उलटे यायचे.

५ ऑगस्ट २०२१ तुम्हाला आठवत असेल. रात्री आठला आपली सहावी टाळेबंदी लागली. त्याच दिवशी तोक्योत, निप्पॉन बुदोकानमध्ये, कराटे पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरलं. प्रेक्षक नव्हते. बायकांच्या कात्यात स्पेनच्या सांद्रा सांचेझने सुवर्ण घेतलं, तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. एवढ्या मोठ्या रिकाम्या सभागृहात ती एकटी उभी होती, आणि आम्हाला ते अजिबात परकं वाटलं नाही. वर्षभर आम्ही तेच करत होतो. दुसऱ्या दिवशी ओकिनावाचा कियुना रियो जिंकला. पदक घ्यायला तो आपल्या दिवंगत आईचा फोटो हातात धरून चढला. पर्थकडच्या चौकटीत नवरा डोळे पुसत होता. त्याची आई २०१९ मध्ये गेली. तो फोटो बघून, पहिल्यांदाच, तो मुलांशी तिच्याबद्दल बोलला. किती वेळ बोलला सांगू? रात्रीचं जेवण राहिलं.

म्हणून ज्यांनी मघाशी हात वर केले त्यांना माझं सांगणं आहे. लांबच्या मुलाला, लांबच्या आईवडिलांना रोज “काय चाललंय” विचारू नका. त्यांच्याकडून काहीतरी शिका, आणि त्यांना तुम्हाला चुकताना बघू द्या. कराटेच हवं असं नाही. पेटी शिका, भाकरी थापायला शिका, बुद्धिबळ शिका. पण एकाच वेळी, दोन्हीकडे, हातांनी करायचं असं काहीतरी हवं. बोलणं त्याच्या मागून येतं.

३ मार्च २०२२ ला पश्चिम ऑस्ट्रेलियाची सीमा उघडली. त्यानंतर घरी आला त्या पहिल्याच आठवड्यात तो आमच्याबरोबर हॉलमध्ये आला. नवा कोरा पांढरा पोशाख, घड्या न मोडलेला. सेन्सेईंनी त्याला मधोमध उभं केलं. चहूबाजूंनी मोकळी लाकडी जमीन. योई, हाजिमे, म्हणजे तयार, सुरू. डावीकडे वळला, उजवीकडे वळला, सगळं बरोबर. मग सरळ पुढे निघाला. एक पाऊल, दोन पावलं, आणि तसाच्या तसा मागे सरकला. मग तिसरं पाऊल, आणि कियाईच्या जागी नुसता श्वास. सेन्सेईंना काही कळेना. त्यांनी थांबवलं, पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तसंच झालं.

थोरली रांग सोडून त्याच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “बाबा, इथे पलंग नाहीये. आणि शेजारी कुणी झोपलेलंही नाहीये.”