शटर पडल्यावरची मुंबई

(माहितीपटाचं निवेदन. गेटवे ऑफ इंडिया, संध्याकाळ. लाँचचा भोंगा, गर्दीचा आवाज.)

मुंबई बघायला आलेल्या पाहुण्याला पहिल्यांदा इथंच आणतात. एलिफंटाहून परतलेल्या लाँचा धक्क्याला लागल्यात, कुठल्याशा शाळेची सहल रांगेत उभी आहे, आणि कमरेला छोटा प्रिंटर लटकवलेले फोटोवाले प्रत्येकाच्या मागं लागलेत. पलीकडं ताजमहाल हॉटेल, 1903 सालापासून समुद्राकडं तोंड करून.

आता पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघा. निळा फ्रॉक, मनगटावर गजऱ्यांची चळत. कॅमेरा ताजच्या घुमटावर होता. ही पोरगी आपसूक आलीय. गेटवेच्या जवळपास प्रत्येक शॉटमध्ये ती आहे, कधी पाठमोरी, कधी अर्धीच. वय लहान म्हणून चेहरा धूसर केलाय. पुढचं चित्रण तिच्या आईला विचारून केलंय.

गेटवेची गोष्ट गाइड रंगवून सांगतात. पंचम जॉर्ज 1911 साली इथं उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान. पण बांधून पुरी व्हायला 1924 उजाडलं. मग राजानं काय पाहिलं? पुठ्ठ्याची कमान, असं गाइड म्हणतो आणि सगळी बस हसते.

(छायाचित्रं : रस्त्याकडेचे पडदे.)

पाहुणा येणार म्हटलं की देखावा करायची या शहराला जुनी सवय आहे. डिसेंबर 2022 मध्ये जी-20 ची बैठक मुंबईत भरली, तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या जाणार त्या रस्त्यांवरच्या झोपड्यांपुढं कापडी पडदे आणि फलक उभे राहिले. पुठ्ठ्याचा खर्च आणि पडद्यांचा खर्च एकाच खात्यावर टाकायला हरकत नसावी.

(कुलाबा कॉजवे, रात्र. शटर खाली येण्याचा आवाज. इथं निवेदन नको, आवाज पूर्ण ऐकू द्या.)

दिवसा या फुटपाथवर कानातले, चामड्याच्या पिशव्या, पितळी होकायंत्रं. रात्री अकराच्या सुमाराला शेवटचं शटर पडतं आणि जागा मोकळी होते. आधी पुठ्ठा. पुठ्ठ्यावर प्लास्टिक, म्हणजे फरशीची ओल वर येत नाही. त्यावर गोधडी किंवा बॅनर. हे बॅनर कुणा नेत्याच्या वाढदिवसाचे असतात. कापड जाड, पाणी धरत नाही, आणि निवडणुकीच्या हंगामात त्यांना तोटा नसतो.

झोपायला आलेल्यांना आम्ही एकच विचारलं, दिवसभर काय करता? हातगाडी ओढतो. हॉटेलात भांडी घासतो. लग्नाच्या सीझनला केटररकडं वाढपी असतो. मंडईत हमाली. भीक मागतो म्हणणारेही होते, पण थोडे. पर्यटक म्हणून दिवसभर आपण जे खातो, उचलायला सांगतो, विकत घेतो, त्यामागचे हात रात्री इथं उशाला असतात.

(हुतात्मा चौक. ज्योतीवर स्थिर शॉट.)

संयुक्त महाराष्ट्राचं स्मारक. मुंबई कुणाची, या प्रश्नाचं उत्तर इथं रक्त सांडून मिळवलं. फुटपाथ कुणाचा, हा प्रश्न मात्र कोर्टात गेला. ती गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण त्यात आपल्या संगमनेरचा एक माणूस आहे.

13 जुलै 1981. मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी जाहीर केलं, की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडलं जाईल. ऐन पावसाळा. पत्रकार ओल्गा टेलिस, पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना आणि खुद्द फुटपाथवर राहणारी माणसं सर्वोच्च न्यायालयात गेली.

निकालपत्रात यांच्यापैकी दोघांची हकिगत आहे. एक तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर, 1961 साली आलेला. दुष्काळानं काम गेलं म्हणून आला. दहिसरच्या केमिकल कंपनीत 23 रुपये रोज मिळू लागला. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या फुटपाथवर प्लास्टिक आणि कॅनव्हासचा आडोसा मिळावा म्हणून झोपडीदादाला त्यानं 2500 रुपये मोजले. बायको, तीन मुली.

दुसरा नगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा. गावात चांभारकाम करायचा, दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे. गावातलं घर पडलं. 1969 साली मुंबईत आला, बदली कामगार म्हणून महिना 350 रुपयांवर लागला. तुळशीवाडीत फुटपाथवरच्या जागेसाठी स्थानिक गुंडाला 300 रुपये दिले, बांबू आणि प्लास्टिकला 700 लागले.

हे आकडे मुद्दाम वाचून दाखवले. फुटपाथ फुकट असतो, हा पर्यटकाचा समज आहे. फुकट कधीच नव्हता.

23 जुलैला महापालिकेनं सेलमच्या माणसाचं बिऱ्हाड मोडलं आणि त्याला बायको-मुलींसकट सेलमच्या बसमध्ये बसवून दिलं. बायको-मुली सेलमलाच राहिल्या. तो मात्र कामाच्या शोधात मुंबईला परत आला, पुन्हा फुटपाथवरच. संगमनेरकराची झोपडी तर आधीच, जानेवारी 1980 मध्ये पाडली होती. त्यानं ती पुन्हा उभी केली होती.

10 जुलै 1985 ला निकाल लागला. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड, पुण्याचे. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हे न्यायालयानं मान्य केलं. ही माणसं कामाच्या जवळ राहतात कारण लांब गेली तर काम सुटतं, हेही मान्य केलं. आणि मग सांगितलं, की फुटपाथ चालण्यासाठी असतो. नोटीस देऊन पालिका त्यांना हटवू शकते. 1976 च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, आणि 31 ऑक्टोबरपर्यंत, पावसाळा सरेपर्यंत, कुणाला हलवू नये.

हक्क मिळाला, जागा गेली.

(सीएसएमटी, रात्रीची रोषणाई. रस्त्यापलीकडं पालिका मुख्यालय.)

हा शॉट आमच्या सगळ्यांचा आवडता. 2004 पासून जागतिक वारसा यादीत असलेलं हे स्टेशन आणि समोरचं पालिकेचं मुख्यालय, दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या एकाच वास्तुविशारदाची. पर्यटक इथं रात्री उशिरापर्यंत सेल्फी काढतात. पालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74,427 कोटी रुपयांचं. कॅमेरा आता हळूहळू खाली येईल, फुटपाथवर. इथं काही बोलत नाही.

(दहा सेकंद फक्त दृश्य.)

(पहाट. मंडईच्या दिशेचा रस्ता. झाडूचा आवाज.)

पहाटेची आवराआवर बघण्यासारखी असते. पहिल्यांदा म्हातारी उठते. गोधड्यांची घडी, घडीत भांडी, भांड्यात चमचे आणि मीठ-मसाल्याच्या पुड्या, म्हणजे वाजत नाहीत. सगळं ताडपत्रीत घालून चार टोकांची गाठ. हे झालं बोचकं. ते कुठं ठेवायचं याची जागा ठरलेली: झाडाच्या बेचक्यात, विजेच्या पेटीमागं, उड्डाणपुलाच्या खांबाच्या खोबणीत. शेजारच्या चहावाल्याशी जमलं तर त्याच्या बाकड्याखाली. बाकड्याखालची जागा सगळ्यांत भारी, कारण तिथं सामान उचलून नेणारी पालिकेची गाडी सहसा वाकून बघत नाही.

पाण्याचा हंडा मात्र आडवा, रिकामा. भरलेला हंडा कुणी ठेवत नाही. गाडी आली तर पहिल्यांदा तोच लवंडतो. शौचालयाला पैसे, अंघोळीला जास्त पैसे, म्हणून बायका अंघोळ एकाआड एक दिवस धरतात. 'गाडी आली' एवढे दोन शब्द ऐकू आले की रस्ता अर्ध्या मिनिटात रिकामा होतो. बघा.

(गाडीचा प्रसंग. मूळ आवाज.)

कागद बोचक्यात ठेवायचे नसतात, पण पोटाशी तरी किती बांधणार? बोचकं गेलं की आधार, रेशन, पोराचा शाळेचा दाखला, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

(गजऱ्याचं काम. जवळून.)

निळ्या फ्रॉकवालीची आई. फासेपारधी. इंग्रजांच्या कायद्यानं ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि 31 ऑगस्ट 1952 ला तो कागदावरून पुसला गेला, त्यांतली. गाव मराठवाड्यात, जमीन नाही.

दादरच्या फूलबाजारातून पहाटे मोगरा येतो. कळी टपोरी हवी, पण मिटलेली. उमललेलं फूल दुपारपर्यंत तांबूस पडतं आणि गिऱ्हाईक हुंगून परत देतं. कळ्या ओल्या फडक्यात. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं दातात. दोन कळ्या अलीकडं, दोन पलीकडं, देठ आत, वर दोऱ्याचा फास. बोटांकडं बघा, नजर गिऱ्हाइकावर असते, बोटांवर नाही. तासाभरात मनगट भरेल एवढी चळत तयार. मग पोरगी निघते, सिग्नलला, नाहीतर गेटवेला. रात्री उरलेले गजरे फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि सकाळी देवळापुढं अर्ध्या किमतीला काढायचे. "शिळा म्हणायचं नाय," बाई हसून सांगते, "कालचा म्हणायचं."

हे काम कायद्याला कसं दिसतं? 'मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, 1959.' यातली भीक मागण्याची व्याख्या मोठी ऐसपैस आहे. गाणं, नाच, भविष्य सांगणं, कसरत, आणि वस्तू विकायला पुढं करणं, यांच्या आडून मागितलेली भीकही त्यात येते. पोटापाण्याचं उघड साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणंही येतं. वॉरंटशिवाय अटक, आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं चेंबूरच्या भिक्षेकरी गृहासारख्या ठिकाणी रवानगी होऊ शकते. दिल्ली उच्च न्यायालयानं दिल्लीपुरत्या या कायद्याच्या बऱ्याच तरतुदी ऑगस्ट 2018 मध्ये रद्द केल्या. ज्या शहराचं नाव कायद्याला आहे तिथं तो चालूच आहे. गजरा विकणं आणि गजऱ्याच्या आडून मागणं यांतला फरक ठरवणार कोण? सिग्नलवरचा हवालदार.

(भायखळा. जुन्या बायकांची बैठक.)

सगळीच माणसं वाट बघत बसली नाहीत. भायखळ्यात 1984 साली 'स्पार्क' ही संस्था सुरू झाली. निकाल लागला त्याच वर्षी तिनं फुटपाथवरच्या हजारो कुटुंबांची घरोघर नोंद केली. घरोघर म्हणजे आडोशाआडोशानं. 1986 मध्ये याच बायकांची 'महिला मिलन' उभी राहिली. रोज दोन-दोन रुपये बाजूला टाकायचे, वही ठेवायची, आणि घर कसं हवं ते आपणच ठरवायचं. खऱ्या मापाचं घर उभं करून बघायचं, काठ्या आणि कापडाचं. छत किती उंच? बायका म्हणाल्या, चौदा फूट, म्हणजे पोटमाळा निघतो, वर पोरं झोपतात, खाली चूल. इंजिनिअरला हे सुचलं नसतं. फुटपाथवर जन्म काढलेल्या बाईला उंचीची किंमत कळते. पुढं मानखुर्दला मिलन नगर उभं राहिलं आणि काही कुटुंबांना पक्की घरं मिळाली. भायखळ्यातली कामं तिथून हार्बर लोकलनं गाठायची.

(निवाऱ्याचं बंद दार.)

हा एक रात्र निवारा. आत चित्रीकरणाला परवानगी नव्हती, म्हणून दारच दिसतंय. सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली सांगितलं, की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागं एक निवारा हवा, चोवीस तास आणि बारा महिने. मुंबईची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 1 कोटी 24 लाख. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. आणि सव्वाशे झाले तरी प्रत्येकी शंभर माणसं धरून साडेबारा हजार होतात. त्याच जनगणनेत मुंबईतले बेघर भरले 57 हजारांवर.

आहेत ते निवारेही बहुतेक मुलांसाठी, बाप्यांसाठी किंवा बायकांसाठी वेगवेगळे. नवरा-बायको-पोरं एकत्र जातील असे थोडे. घर मोडून छप्पर मिळवायला कोण तयार होईल? गजरेवालीला विचारलं तर ती म्हणाली, "पोरगी इकडं, नवरा तिकडं, आन् बोचकं कुणाकडं?"

(फुटपाथ, रात्री साडेअकरा. घड्याळ दिसू द्या.)

57 हजारांचा तो आकडा कसा मोजला, हे सांगून थांबतो. 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री प्रगणक बेघरांच्या मोजणीला बाहेर पडले होते. एकच रात्र. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे 1 मार्च 2027. या वेळी मोजायला येणाऱ्यांना एक सांगणं आहे. नऊ वाजता येऊ नका, त्या वेळी इथं दुकान असतं. केटरिंगची पोरं एकच्या पुढं येतात, मंडईतले हमाल तीनला उठून गेलेले असतात. मधले दोन तास धरा. आणि बोचकी मोजू नका, एका बोचक्यात कधी कधी दोन बिऱ्हाडं असतात.