आधी साल बघा

नमस्कार श्रोतेहो. तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे एक वाचक लांबूनच ओळखू येते. सातवा-आठवा महिना, सोबत नवरा नाहीतर सासूबाई, आणि आवाज खाली आणून विचारणं, "मॅडम, बाळाचं एखादं चांगलं पुस्तक आहे का हो?"

पूर्वी मी कपाटातलं सगळ्यांत जाडजूड काढून द्यायचे. असंच एकदा देणगीत आलेलं एक दिलं. कापडी बांधणी, पानांवर हळदीच्या बोटांचे ठसे. म्हणजे कुणाच्या तरी बाळंतिणीच्या खोलीत खरोखर वापरलेलं. चार दिवसांनी ती मुलगी परत आली. "यात बाळाला पालथं झोपवा लिहिलंय. डॉक्टर तर उताणंच झोपवा म्हणतात." मी मुखपृष्ठामागचं पान उलटलं. आवृत्ती १९७४ ची!

त्या लेखकाला तरी काय बोल लावणार? अमेरिकेतले डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं १९४६ सालचं पुस्तक तिकडे घरोघरी होतं. पुढे १९५८ च्या आवृत्तीत त्यांनीही पालथं झोपवण्याचाच सल्ला दिला. उलटी झाली तर बाळ गुदमरू नये, हे कारण. ऐकायला पटतंच की! पण नंतर लक्षात आलं, पालथी झोपणारी तान्ही मुलं झोपेत अचानक दगावण्याचा धोका जास्त असतो. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ मध्ये सल्ला बदलला. तोवर जुन्या प्रती जगभर पोचलेल्या होत्या.

म्हणून आता मी आधी साल बघते. २००६ च्या आधीचं असेल तर वजनाचे तक्तेही बघते. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं अंगावर पिणाऱ्या मुलांवरून नवे तक्ते केले, त्यांत भारतातलीही मुलं होती. जुने तक्ते बरेचसे बाटलीच्या दुधावरच्या मुलांचे. त्यांच्याशी ताडून पाहिलं की अंगावर पिणारं धडधाकट बाळ उगाचच हडकुळं ठरायचं, आणि वरचं दूध सुरू व्हायचं.

साल ठीक असेल, तर दुकानात उभ्या उभ्या आणखी दोन गोष्टी शोधा. मध चाटवा, गुटी उगाळून द्या, उन्हाळ्यात चमचाभर पाणी पाजा, असं पहिल्या सहा महिन्यांसाठी लिहिलंय का? असलं तर पुस्तक खाली ठेवा. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. आणि मध तर वर्षाचं होईपर्यंत नाहीच. आता घरी सहाण-जायफळ काढून बसलेल्या आजींना हे कसं सांगायचं, ते मात्र कुठल्या पुस्तकात मला अजून सापडलेलं नाही.

दुसरं म्हणजे, दवाखान्यात कधी पळायचं हे एका पानावर आहे का? दूध ओढत नाही, अंग तापलंय किंवा गार पडलंय, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, छाती आत ओढली जातेय, झटके येताहेत, तळहात-तळपाय पिवळे दिसताहेत. हे पान रात्री तीन वाजता, एका हातात बाळ धरून सापडलं पाहिजे. बाळाची बुद्धी वाढवण्याची प्रकरणं नंतर वाचता येतील, किंवा नाही वाचली तरी चालेल.

पुस्तकाच्या जाडीचा मोह तर माझा गडचिरोलीनं सोडवला. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या गावांतल्या बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू, अशी सोय नसलेल्या गावांच्या तुलनेत, सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत घरी फेऱ्या मारतात, त्याच्या मुळाशी हे काम आहे. त्या येतील तेव्हा पुस्तक समोर ठेवा आणि खुशाल विचारा, हे बरोबर आहे का?

कंपनीनं फुकट वाटलेली गुळगुळीत पुस्तिका मात्र घेऊ नका. बाळाच्या डब्यातल्या दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी ती पुस्तिकांच्या आडून घरात शिरू बघते.

ते १९७४ चं पुस्तक मी रद्दीत नाही दिलं. झोपेच्या प्रकरणावर लाल पेनानं काट मारून ठेवलंय. शेवटी त्यात झबलं आणि टोपडं बेतायचा नकाशा आहे, मापांसकट. परवाच एक आजी त्याची झेरॉक्स काढून घेऊन गेल्या.