दशावतार, ट्यूबलाइट आणि आयएसओ ६४००

पत्रिकेत विषय छापलाय ‘जास्त आयएसओवरचा नॉइज कसा घालवावा’. (आयएसओ म्हणजे फोटो किती उजळ करायचा तो कॅमेऱ्यातला आकडा, नॉइज म्हणजे फोटोत येणारे नको ते दाणे-ठिपके.) त्याकडे येतोच. पण आधी एका मुलाबद्दल बोलू द्या, नाहीतर मला रात्री झोप लागायची नाही.

कोकणातली जत्रा. देवळापुढे दशावतार, मध्यरात्र उलटलेली, राजा आणि राक्षसाचं युद्ध रंगात आलेलं, आणि उजेड म्हणाल तर ट्यूबलाइटचा. शेजारी हा मुलगा. कॅमेरा माझ्यापेक्षा भारी. (हसताय काय, इथेही निम्म्यांचा आहे.) आयएसओ किती? ४००! कारण कुठल्याशा क्लासात सांगितलेलं, ८००च्या वर गेलात की दाणे येतात. फोटो अर्थातच काळेकुट्ट. म्हणे, घरी कॉम्प्युटरवर उजळवीन. उजळवले चार स्टॉप, म्हणजे चारदा दुप्पट. राजाच्या गालावर जांभळे-हिरवे ठिपके, मागच्या काळोखात आडव्या रेघा. मला फोटो पाठवून वर लिहितो, “काका, ४००ला इतका नॉइज, तर ६४००ला काय झालं असतं!” त्या ‘काका’चंही मला दुःख आहे, पण ते नंतर.

काय झालं असतं? फोटो बरा आला असता! आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चकतीवर, पडणारा उजेड कमी होत नाही हो. उजेड मुळातच कणाकणांनी येतो. वळवाचे पहिले थेंब अंगणातल्या एका फरशीवर तीन पडतात, शेजारच्या फरशीवर सात. धो धो कोसळला की दोन्ही सारख्याच भिजतात. हिशोब वर्गमुळाचा आहे. १०० फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, आले तर चढउतार साधारण १०चा, म्हणजे १० टक्के. १०,००० आले तर १००चा, म्हणजे एकच टक्का. शिवाय वाचताना सेन्सरचं इलेक्ट्रॉनिक्स आपली खरखर मिसळतं. त्या मुलाने उजळवली ती बरीचशी हीच खरखर. कॅमेऱ्यातच आयएसओ वाढवला असता, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत ती तुलनेने कमी राहते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, लिहून घ्या भराभर.

रॉ काढा, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल. एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं; एफ ५.६ची लेन्स बदलून २.८ घेतलीत की उजेड चौपट, नॉइजचं प्रमाण निम्मं. जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर शक्यतो १/१०० किंवा १/५० सेकंद. त्याहून वेगवान ठेवलंत तर पट्टे येऊ शकतात. मुकुटाची चकाकी जळणार नाही इतपतच एक्सपोजर वाढवा. देऊळ हलत नाही, तेव्हा ट्रायपॉडवर १६ फोटो काढून सरासरी घ्या, नॉइज चौथाईवर येतो. राजावर हे करू नका, त्याला आठ हात फुटतील.

सॉफ्टवेअरमध्ये रंगाचा नॉइज (ते जांभळे-हिरवे ठिपके) बिनधास्त पुसा, उजेडाचा (नुसते फिके-गडद दाणे) मात्र हात राखून, नाहीतर रंगरंगोटीतले कुंचल्याचे फटकारेही जातात. शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, सगळ्यात शेवटी. १०० टक्के झूम करून दाणे मोजत बसू नका, ज्या मापात छापायचाय त्या मापात बघा. डार्क फ्रेम, म्हणजे लेन्सला झाकण लावून काढलेला काळा फोटो, राहिली. ती चहाच्या वेळी विचारा, आणि काका म्हणू नका.